मायदेशी येण्याची वाट मोकळी, परतीचे दार किलकिले

विशेष प्रतिनिधी

डिसेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेच्या भारतातील वकिलातींनी एच-१बी आणि एच-४ व्हिसाच्या ठरलेल्या मुलाखती मोठ्या संख्येने पुढे ढकलल्या. नाताळाच्या सुटीचा मुहूर्त साधून आई-वडिलांना भेटायला आलेले, किंवा विमानाची तिकिटे काढून निघण्याच्या बेतात असलेले अनेक तंत्रज्ञ त्यामुळे पेचात सापडले. डिसेंबरच्या उत्तरार्धातील तारखा मार्च २०२६ वर गेल्या, काहींच्या त्याहूनही पुढे. जुन्या तारखेला वकिलातीच्या दारात आलात तर आत घेतले जाणार नाही, अशी स्पष्ट सूचनाही देण्यात आली. कारण सांगितले गेले ते असे की, १५ डिसेंबरपासून या वर्गातील प्रत्येक अर्जदाराच्या समाजमाध्यमांवरील वावराची तपासणी होणार असून त्यामुळे दररोज कमी मुलाखती घेता येतील.

या घटनेची चर्चा प्रामुख्याने नोकऱ्या, कंपन्या आणि भारत-अमेरिका संबंध या अंगाने झाली. ती योग्यच होती. परंतु या तारखांच्या घोळात जे लोक अडकले, ते भारतात कशासाठी आले होते, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. कोणी वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी आले होते, कोणी सहस्रचंद्रदर्शनासाठी, कोणी बहिणीच्या लग्नासाठी. काही तर केवळ दोन वर्षांत भेट झाली नाही म्हणून आले होते. परदेशस्थ भारतीयाची मायदेशातील भेट ही वरकरणी एक खासगी, कौटुंबिक बाब वाटते. प्रत्यक्षात ती आता रजेचे नियम, व्हिसाचे वेळापत्रक, प्राप्तिकराचे दिवस आणि दोन देशांच्या सरकारांची मर्जी यांच्या चौकटीत बसवावी लागते. भारतीय पारपत्र असलेल्याला घरी येण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. प्रश्न परत जाण्याचा असतो, आणि वृद्ध आई-वडिलांना भेटायचे की नाही, हे आज अनेक घरांत त्या परतीच्या प्रश्नावरून ठरू लागले आहे.

पिढीचे वय

या प्रश्नाची तीव्रता आजच का वाढली, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकांतील वर्ष २००० च्या समस्येमुळे भारतीय संगणक अभियंत्यांची मागणी एकदम वाढली. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, सांगली, कोल्हापूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेली मुले-मुली त्या लाटेवर अमेरिकेत पोहोचली. त्या वेळी त्यांचे आई-वडील पन्नाशीत होते. बँकेत, वीज मंडळात, शाळेत नोकरी करत होते. मुलाच्या पहिल्या पगाराचे कौतुक आणि बाळंतपणासाठी आईची अमेरिकावारी, असे ते दिवस होते. आज तेच आई-वडील पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. गेलेली मुले स्वतः पन्नाशीत आहेत. भेटीचे स्वरूप बदलले आहे ते यामुळे. पूर्वी मुलगा घरी यायचा तेव्हा त्याचे लाड होत. आता तो येतो तेव्हा त्याच्यासाठी कामांची यादी तयार असते.

या स्थलांतराचा व्याप मोठा आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या २०२४ च्या आकडेवारीनुसार परदेशांत राहणाऱ्या अनिवासी भारतीयांची व भारतीय वंशाच्या लोकांची संख्या सुमारे साडेतीन कोटी होती. रिझर्व्ह बँकेने केलेल्या पाहणीनुसार २०२३-२४ या वर्षात परदेशांतून भारतात आलेल्या पैशांपैकी २७.७ टक्के रक्कम एकट्या अमेरिकेतून आली, आणि ज्या राज्यांत हा पैसा पोहोचला त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वाधिक, म्हणजे २०.५ टक्के होता. केरळ त्याखालोखाल राहिले. परदेशस्थांचे कुटुंब म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर केरळ किंवा पंजाब येतो. परंतु पैशाच्या हिशेबात तरी महाराष्ट्र आता पहिल्या क्रमांकाचे राज्य आहे. ज्या घरांत हा पैसा येतो, त्यांपैकी अनेक घरांत तो खर्च करणारी दोनच माणसे असतात आणि ती दोन्ही वृद्ध असतात.

देशाचेही वय वाढते आहे. २०११ च्या जनगणनेत साठीवरील नागरिकांची संख्या १० कोटी ३८ लाख होती. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालाने ती २०२२ मध्ये सुमारे १४ कोटी ९० लाख असल्याचे म्हटले आणि २०५० पर्यंत ती सुमारे ३४ कोटी ७० लाखांवर जाईल, असा अंदाज वर्तवला. म्हणजे आज जो प्रश्न काही वसाहतींपुरता वाटतो, तो उद्या बहुसंख्य मध्यमवर्गीय घरांचा होणार आहे.

दर्जा आणि शिक्का

व्हिसाच्या नियमांतील एक बारकावा या संपूर्ण प्रश्नाच्या मुळाशी आहे. तो न समजल्यामुळे गावाकडच्या नातेवाइकांना अनेकदा मुलाचे न येणे ही निव्वळ सबब वाटते.

अमेरिकेत एच-१बीवर काम करणाऱ्याकडे दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक, तेथे राहून काम करण्याचा दर्जा. कंपनीने अर्ज केला की तेथील नागरिकत्व व स्थलांतर विभाग तो मंजूर करतो आणि मुदत संपत आली की वाढवूनही देतो. दुसरी गोष्ट म्हणजे पारपत्रावरचा व्हिसाचा शिक्का. हा शिक्का देशात प्रवेश करण्यासाठी लागतो आणि तो अमेरिकेबाहेरील वकिलातीतच मिळतो. परिणाम असा की, दर्जाची मुदत वाढवून घेऊन माणूस अमेरिकेत वर्षानुवर्षे कायदेशीरपणे काम करू शकतो, घर घेऊ शकतो, मुलांना शाळेत घालू शकतो. त्याचा शिक्का दरम्यान संपलेला असला तरी काही बिघडत नाही. बिघडते ते तो देशाबाहेर पडला की. परत येण्यासाठी नवा शिक्का हवा, त्यासाठी मुलाखत हवी, मुलाखतीसाठी तारीख हवी.

थोडक्यात, या व्यवस्थेतील सारी अनिश्चितता एकाच कृतीवर येऊन पडते, ती म्हणजे घरी जाऊन येणे. जो आई-वडिलांना भेटायला जात नाही, त्याला या यंत्रणेचा त्रास जवळजवळ होत नाही. जो जातो, तो नोकरी, घराचे हप्ते आणि मुलांचे शालेय वर्ष पणाला लावून जातो.

ग्रीन कार्ड मिळाले की हा प्रश्न सुटतो, हे खरे. परंतु १९९० च्या कायद्याने रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांची वार्षिक संख्या १ लाख ४० हजारांच्या आसपास ठेवली आणि कोणत्याही एका देशाच्या नागरिकांना त्यांतील साधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक मिळू नयेत, असे ठरवले. दुसरीकडे, २०२४ च्या आर्थिक वर्षात मंजूर झालेल्या एच-१बी अर्जांपैकी सुमारे ७१ टक्के अर्ज भारतात जन्मलेल्यांचे होते. आत येणारा लोंढा मोठा आणि पुढे जाणारी फट अरुंद, त्यामुळे रांग लांबत गेली. जानेवारी २०२५ मध्ये भारतीयांच्या रोजगारविषयक दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांत ज्यांचे क्रमांक लागत होते, त्यांनी अर्ज २०१२ च्या अखेरीपूर्वी केलेले होते. ज्याने तिशीत अर्ज केला, त्याच्या आई-वडिलांचे साठ ते पंचाहत्तर हे तुलनेने धडधाकट वय या रांगेतच सरले.

एका वर्षातील चार धक्के

२०२५ या वर्षाने ही अनिश्चितता टोकाला नेली. २ सप्टेंबरपासून बहुतेक अर्जदारांना मिळणारी मुलाखतीतून सूट रद्द झाली. तोपर्यंत व्हिसाचे नूतनीकरण करणारे अनेकजण केवळ कागदपत्रे जमा करून मोकळे होत. त्याच आठवड्यात आणखी एक निर्णय आला. अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा, असे ठरले. भारतात तारखा मिळत नसल्या की कॅनडा किंवा मेक्सिकोत जाऊन शिक्का मारून घ्यायचा आणि मग निर्धास्तपणे घरी यायचे, ही अनेकांची वहिवाट त्यामुळे बंद झाली.

१९ सप्टेंबरला अमेरिकी अध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा केली. ती २१ सप्टेंबरपासून लागू होणार होती. हे शुल्क केवळ नव्या अर्जांना लागू आहे, विद्यमान व्हिसाधारकांना नाही, हा खुलासा होईपर्यंत साधारण एक दिवस गेला. त्या एका दिवसात काही बड्या कंपन्यांनी देशाबाहेर असलेल्या कर्मचाऱ्यांना तातडीने परतण्याचा सल्ला दिला. तो काळ पितृपक्षाचा होता. २१ सप्टेंबरला सर्वपित्री अमावास्या होती आणि दुसऱ्या दिवशी घटस्थापना. वर्षश्राद्धासाठी किंवा नवरात्रासाठी घरी आलेल्यांवर सामान आवरून विमानतळ गाठण्याची वेळ आली. आणि मग डिसेंबरात मुलाखती पुढे गेल्या.

यातील प्रत्येक निर्णयामागे अमेरिकेची स्वतःची कारणे आहेत. आपल्या सीमेवर कोणाला घ्यावे, हे ठरवण्याचा अधिकार त्या देशाचा आहे. तेथील स्थानिक तंत्रज्ञांच्या नोकऱ्यांचा प्रश्नही अगदीच काल्पनिक नाही. परंतु ज्याला आधीच घेतले आहे, ज्याचा दर्जा त्याच सरकारने मंजूर केला आहे, त्याला आजारी आईला भेटून येण्याची किंमत किती मोजावी लागावी, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचा स्थानिक रोजगाराशी संबंध जोडता येत नाही.

एकवीस दिवसांचे गणित

व्हिसाचा अडसर नसलेल्यांनाही रजेचा असतोच. अमेरिकेत पगारी वार्षिक रजा देण्याचे बंधन घालणारा संघीय कायदाच नाही. ती कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते. कुटुंबातील गंभीर आजारासाठी १९९३ चा कौटुंबिक व वैद्यकीय रजा कायदा आहे. त्यानुसार पात्र कर्मचाऱ्याला वर्षात १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते. मात्र त्यात आई-वडील येतात, सासू-सासरे येत नाहीत. ज्या मावशीने किंवा काकाने शिक्षणासाठी घरी ठेवून घेतले, त्यांचाही सहसा समावेश होत नाही. आपल्याकडची नाती या कायद्याच्या व्याख्येत मावत नाहीत.

मग उरते ती तीन आठवड्यांची सुटी. एकवीस दिवसांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. प्रवासाचा शीण आणि उलटलेली झोप यांत तीन दिवस जातात. बोटांचे ठसे, वांद्रे-कुर्ला संकुलातील मुलाखत आणि पारपत्र परत मिळण्याची वाट यांत आणखी तीन-चार. बँकेतील केवायसी, सोसायटीचे काम, एखाद्या सरकारी कार्यालयाचा खेटा यांत दोन. उरलेल्या बारा-तेरा दिवसांची माहेर आणि सासर यांत वाटणी होते. एकीकडचे घर पुण्यात आणि दुसरीकडचे अमरावतीत असेल तर त्यातूनही एक-दोन दिवस रस्त्यावर जातात. आई-वडिलांच्या वाट्याला सलग सहा दिवस आले तरी ती भेट चांगली झाली म्हणायची.

आता हेच गणित पुढे न्यावे. आई-वडील पंचाहत्तरीचे आहेत, मुलगी दर दोन वर्षांनी येते आणि त्यांना आणखी दहा वर्षांचे आयुष्य आहे, असे धरले तर पाच भेटी होतात. प्रत्येकी सहा दिवस म्हणजे एकूण एक महिना. दररोजच्या व्हिडिओ कॉलमुळे हा महिना जाणवत नाही. परंतु दूरध्वनीच्या पडद्यावर चेहरा दिसतो, चाल दिसत नाही. उंबरा ओलांडताना भिंतीचा घेतलेला आधार, फ्रिजमध्ये तीन दिवसांचे साठलेले वरण, गोळ्यांच्या डबीत सोमवारचा तसाच राहिलेला कप्पा, एकाच प्रश्नाची दहा मिनिटांत तिसऱ्यांदा झालेली उजळणी, या गोष्टी घरात राहिल्याशिवाय कळत नाहीत. प्रत्यक्ष भेटीचे महत्त्व भावनेइतकेच या पाहणीतही असते. जी भेट एका वर्षाने लांबते, ती ही पाहणीही एका वर्षाने लांबवते.

नातेवाइकांची फळी

पूर्वी परदेशी गेलेल्या मुलाच्या अनुपस्थितीची भरपाई एक अलिखित व्यवस्था करत असे. थोरला भाऊ गावात असे, चुलता दोन गल्ल्या पलीकडे, मावसबहीण त्याच पेठेत दिलेली असे. रात्री-अपरात्री डॉक्टरांकडे नेणारे कोणीतरी असायचेच. परदेशस्थ मुलगा आला की या सगळ्यांकडे जाऊन येत असे. घरोघरी वाटलेली चॉकलेटे आणि अत्तराच्या बाटल्या यांची थट्टा पुष्कळ झाली. पण त्या फेरीत एक ऋण मान्य केले जात होते.

ती फळी आता विरळ झाली आहे. चाळीसच्या दशकात जन्मलेल्यांना पाच-सहा भावंडे होती. त्यांना स्वतःला दोन मुले झाली आणि त्या मुलांना एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ इतका नोंदवला गेला. चुलत-मावस भावंडांची पिढी संख्येने कमी, आणि जी आहे ती बंगळुरू, हैदराबाद, दुबई, टोरांटो अशी विखुरलेली. वार्धक्याविषयी केंद्र सरकारने केलेल्या दीर्घकालीन पाहणीच्या २०१७-१८ मधील पहिल्या फेरीत सुमारे एकचतुर्थांश वृद्ध एकटे किंवा केवळ जोडीदारासह राहत असल्याचे आढळले. अशा घरात जोडीदारांपैकी एक पडला की दुसऱ्याने कोणाला हाक मारायची, हा प्रश्न परदेशातील मुलाइतकाच हिंजवडीतील मुलालाही लागू आहे. फरक एवढाच की हिंजवडीतला मुलगा दोन तासांत पोहोचतो.

आई-वडिलांनीच तिकडे का जाऊ नये

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर तितके सोपे नाही. अमेरिकेत आई-वडिलांना कायमचे बोलावण्याचा हक्क फक्त तेथील नागरिकाला आहे, आणि तोही वयाची २१ वर्षे पूर्ण झालेल्याला. ग्रीन कार्डधारकालाही तो नाही, मग एच-१बीवर असलेल्याला कोठून असणार? उरतो तो पर्यटक व्हिसा, ज्यावर साधारणपणे एका वेळी सहा महिने राहता येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत या व्हिसाच्या मुलाखतीसाठी प्रतीक्षेचा काळ ९९९ दिवसांवर गेला होता. सत्तरी उलटलेल्या माणसाला पावणेतीन वर्षांनंतरची तारीख देणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पुढे तो काळ कमी झाला, पण आरोग्य विम्याचा प्रश्न राहिला. आधीपासून असलेल्या आजारांना प्रवासी विमा पुरेसे संरक्षण देत नाही, आणि अमेरिकेतील रुग्णालयाचे एक बिल मुलाची वर्षांची बचत संपवू शकते.

इतर देशांतही दारे अरुंदच आहेत. ब्रिटनने जुलै २०१२ मध्ये वृद्ध नातेवाइकांसाठीचे नियम इतके कडक केले की, दैनंदिन व्यवहारांसाठीही दीर्घकालीन मदत लागते आणि ती मायदेशात मिळू शकत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करावे लागते. कॅनडाने २०११ च्या डिसेंबरात आई-वडील व आजी-आजोबांसाठी ‘सुपर व्हिसा’ सुरू केला आणि जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहण्याची मुभा दिली. त्यातल्या त्यात ही व्यवस्था उदार म्हणावी लागेल. परंतु त्यासाठीही किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा अनिवार्य आहे.

नियमांपलीकडेही एक गोष्ट आहे. पंचाहत्तरीत घर बदलणे अनेकांना नको असते. ज्यांनी सकाळी बागेत फिरायला जावे, वाचनालयात वर्तमानपत्र चाळावे, ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत वाद घालावा, दुपारी शेजारणीकडून मेतकूट मागून आणावे, त्यांना एखाद्या अमेरिकी उपनगरात गाडी चालवता येत नसल्यामुळे दिवसभर घरात बसून राहावे लागते. त्यांचा नकार हा हट्ट मानण्याचे कारण नाही.

दोषारोपाची सोपी वाट

ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेहून आलेल्या मुलाला मुंबईतील घरात आपल्या आईचा केवळ सांगाडा सापडल्याची घटना घडली आणि समाजमन हादरले. त्यानंतर अनेक दिवस चर्चा चालली ती त्या मुलाच्या निष्ठुरतेची. संताप स्वाभाविक होता. परंतु ज्या इमारतीत, ज्या शेजारात, ज्या शहरात एक वृद्ध स्त्री मरण पावते आणि कोणाला कळत नाही, त्या सगळ्यांनी एका मुलाला दोष देऊन मोकळे व्हावे, हे पुरेसे नव्हते.

कायद्याचीही हीच मर्यादा आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाविषयीचा २००७ चा केंद्रीय कायदा परदेशांत राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. त्याखाली न्यायाधिकरणे स्थापन झाली, आणि दरमहा जास्तीत जास्त दहा हजार रुपयांपर्यंतचा निर्वाहखर्च मंजूर करण्याची तरतूद झाली. ही मर्यादा काढून टाकणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित होईपर्यंत ते संमत झाले नाही. मुळात परदेशी मुलांच्या बहुतांश आई-वडिलांची अडचण दहा हजारांची नसतेच. पैसा त्यांच्या खात्यावर असतो. रुग्णालयाच्या अर्जावर नातेवाईक म्हणून सही करणारा माणूस नसतो. न्यायाधिकरण पैसा देऊ शकते, माणूस देऊ शकत नाही.

करोनाचा धडा

मायदेशाचे दार नेहमी उघडे असते, या समजुतीला करोनाकाळात तडा गेला. मार्च २०२० मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा थांबवली. ती नियमितपणे सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडले. दरम्यान ‘वंदे भारत’ मोहिमेतून आणि काही देशांशी झालेल्या विशेष व्यवस्थेतून विमाने आली-गेली. ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड असलेल्यांची व्हिसामुक्त प्रवेशाची सवलत मार्च २०२० मध्ये स्थगित झाली. घरात मृत्यूसारखा प्रसंग ओढवलेल्या कार्डधारकांना परवानगी मिळाली ती २२ मेनंतर. ज्या कार्डाला आपण बोलीभाषेत दुहेरी नागरिकत्व म्हणत आलो, ते नागरिकत्व नसून एक सवलत आहे, हे हजारो कुटुंबांना त्या दोन महिन्यांत उमगले. दुसरीकडे, मे २०२१ च्या सुरुवातीपासून ८ नोव्हेंबर २०२१ पर्यंत अमेरिकेने भारतातून येणाऱ्या व्हिसाधारकांवर निर्बंध ठेवले. दुसऱ्या लाटेत वडिलांच्या अंत्यसंस्कारासाठी आलेल्या एच-१बीधारकाला परतणे दुरापास्त झाले. कित्येकांनी अंत्यदर्शन संगणकाच्या पडद्यावर घेतले.

काय करता येईल

हा प्रश्न एका फटक्यात सुटणारा नाही, पण त्यातील काही गाठी सोडवता येण्यासारख्या आहेत.

पहिली गाठ शिक्क्याची. २००४ पर्यंत काही वर्गांच्या व्हिसांचे नूतनीकरण अमेरिकेतच होत असे. बोटांचे ठसे अनिवार्य झाल्यावर ते बंद पडले. जून २०२३ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या अमेरिका दौऱ्यातील संयुक्त निवेदनात ही सोय प्रायोगिक तत्त्वावर सुरू करण्याचे ठरले, आणि २०२४ च्या सुरुवातीला २० हजार अर्जांपुरता तो प्रयोग झालाही. ती सोय कायमस्वरूपी झाली तर वर वर्णन केलेली बहुतांश कोंडी फुटेल, आणि त्यासाठी अमेरिकेला एकही जादा व्हिसा द्यावा लागणार नाही. व्यापाराच्या वाटाघाटींत भारताने शुल्काइतकाच आग्रह या मुद्द्याचा धरायला हवा.

दुसरी गाठ आपल्याच सरकारच्या हाती आहे. २०२० च्या वित्त कायद्याने भारतात १५ लाख रुपयांहून अधिक उत्पन्न असलेल्या अनिवासी भारतीयाच्या वास्तव्याची मर्यादा १८२ दिवसांवरून १२० दिवसांवर आणली. त्याहून अधिक काळ राहिल्यास, आधीच्या चार वर्षांतील वास्तव्यासह, त्याचा अनिवासी दर्जा जाऊ शकतो. करचुकवेगिरी रोखण्याचा हेतू समजण्याजोगा आहे. पण आईच्या अर्धांगवायूसाठी पाच महिने थांबलेला मुलगा आणि कर वाचवण्यासाठी देश बदलणारा धनिक यांना एकच मोजपट्टी लावणे योग्य नाही. करोनाकाळात अडकलेल्यांचे दिवस न मोजण्याचा निर्णय प्रत्यक्ष कर मंडळाने मे २०२० मध्ये घेतला होता. तीच सवलत वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे शुश्रूषेसाठी देता येईल.

तिसरी गाठ स्थानिक आहे. २००७ च्या कायद्याखालील नियमांत पोलीस ठाण्यांनी एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवावी आणि त्यांना नियमित भेट द्यावी, अशी तरतूद आहे. यादी कागदावर राहते की शिपाई खरोखर दारावरची घंटा वाजवतो, यावर तिचे मोल ठरते. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मदत क्रमांक २०२१ पासून देशभर आहे, पण किती सोसायट्यांच्या सूचना फलकावर तो लिहिलेला आहे? गृहनिर्माण संस्थांनी एकट्या सभासदांच्या घराची एक किल्ली आणि परदेशातील मुलांचे संपर्क नोंदवून ठेवणे, यासाठी तर कोणत्याही अध्यादेशाची गरज नाही.

चौथी गाठ घरातली. मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, बँकेतील वारसाची नोंद, सोसायटीच्या भागपत्रावरील नावे, सातबाऱ्यावरील हिस्सा हे विषय ‘आता कशाला अशुभ बोलायचे’ म्हणून दर भेटीत पुढच्या भेटीवर टाकले जातात. आई-वडील चालते-बोलते असताना, सगळी भावंडे समोर असताना ही कामे एका दुपारी होऊ शकतात. नंतर त्यासाठीच वर्ष-वर्ष खेटे घालावे लागतात, आणि मग पुढच्या पिढीतील भेटी कोर्टात होतात. रुग्णालयात कोणी निर्णय घ्यायचा, हेही त्याच दुपारी ठरवून लिहून ठेवावे. आणि ज्या भाचीवर किंवा शेजाऱ्यावर ही जबाबदारी टाकली जाते, तिला वा त्याला गृहीत न धरता तसे विचारावे, लागणारा खर्च त्यांच्या हाती द्यावा.

आखाताच्या वाटेने गेलेल्यांचे चित्र आणखी वेगळे आहे. रत्नागिरी-रायगडच्या अनेक गावांत चार-पाच पिढ्यांचा परदेशाशी संबंध आहे. आखातात नागरिकत्व मिळण्याची आशा जवळजवळ नसते, त्यामुळे परतणे गृहीत धरलेले असते, आणि घर, शेत, नाती त्या हिशेबाने राखली जातात. रजा मात्र कंत्राटावर आणि मालकाच्या मर्जीवर असते; अनेक मजुरांना दोन वर्षांतून एकदाच घर दिसते. उच्चशिक्षित तंत्रज्ञाला आपला प्रश्न त्या मजुराच्या प्रश्नापासून फार दूरचा वाटत असे. सप्टेंबर आणि डिसेंबर २०२५ ने त्यांच्यातील अंतर कमी केले. केव्हा घरी जायचे हे दुसरा कोणी ठरवतो, ही जाणीव दोघांच्याही वाट्याला आली.

दहा तासांचे असो वा वीस तासांचे, विमानप्रवासाचे अंतर गेल्या पन्नास वर्षांत कमी झाले आणि तिकीट मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. तरीही भेटी दुर्मीळ होत चालल्या असतील तर अडसर अंतराचा नाही, हे उघड आहे. तो नियमांनी उभा केला आहे आणि काही अंशी आपल्या चालढकलीने. नियम बदलण्यासाठी सरकारांना वर्षे लागतील, आणि पंचाहत्तरीच्या माणसाकडे वाट पाहण्यासाठी नेमकी वर्षेच कमी असतात. म्हणून धोरणाची मागणी लावून धरतानाच, ज्यांच्या पारपत्रावर आज वैध शिक्का आहे त्यांनी पुढच्या सुटीची वाट न पाहणे, हा सध्या तरी सर्वांत व्यवहार्य सल्ला ठरतो.